डाव्या अंगठ्याचं नख

रफूवाल्या मास्तरांनी स्वतःच्या तब्येतीची घेतली नसेल एवढी काळजी डाव्या अंगठ्याच्या नखाची घेतली. सुईच्या टोकानं बारीक धागा चिरतो, म्हणून ते विणीतला एकेक धागा नखानं उचलत आणि खालून सुई घालत. नखाच्या मुळाशी रोज तेल, कानस एकाच दिशेनं, आणि पाण्याशी तर उभा दावा. भिजलं की नख मऊ पडतं, या सबबीवर त्यांनी संसारभर भांड्याला हात लावला नव्हता. घासायला बायको होतीच.

ती घसरून पडली, उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं आणि भांडी मास्तरांच्या गळ्यात पडली.

"रबरी हातमोजे घाला हो," ती रोज सांगे.

"त्यात बोटांना काही कळत नाही," म्हणत मास्तर ऐट सोडत नसत. व्हायचं तेच झालं. आज सकाळी करपलेलं पातेलं खरवडताना नख आडवं चिरलं. ते त्यांनी बायकोपासून लपवलं.

आता मांडीवर दुकानदाराचा कोट होता. छातीवरचं भोक अर्धं भरलेलं. मास्तरांना रफूचं सगळं काम त्याच्याच कापडाच्या दुकानातून यायचं, आणि कोट दुकानदाराच्या वारलेल्या वडिलांचा. "जोड दिसला तर पुन्हा तोंड दाखवू नका," असं त्यानं बजावलं होतं. चारला तो येणार होता.

चिरलेल्या नखात धागा अडकला. मास्तर सोडवायला गेले तर कापडच आक्रसलं.

"दाखवा अंगठा," बायको म्हणाली. तिनं पाहिलं. प्लास्टरमधून बाहेर डोकावणारा आपला अंगठा तिनं कोटावर ठेवला.

त्यावर लांब, गुळगुळीत, निरोगी नख होतं. महिनाभर पाणी नाही, राख नाही, घासणी नाही. इतक्या वर्षांत मास्तरांनी तिची नखं वाढलेली पाहिलीच नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण लाजायलाही सवड नव्हती.

"एक सोडून एक. अलगद."

ती धागा उचली, ते सुई घालत. जिन्यात पावलं वाजली तेव्हा शेवटचे तीन धागे उरले होते. दार वाजलं. दोघंही हलली नाहीत. पुन्हा वाजलं. मास्तरांनी शेवटच्या धाग्याचं टोक आत दडवलं आणि मग दार उघडलं.

दुकानदारानं कोट खिडकीपाशी नेला, तळहात फिरवला, पुन्हा फिरवला.

"कुठे होतं हो भोक?" त्यानं विचारलं आणि कोट अंगात घालूनच तो गेला.

बायकोनं श्वास सोडला. "प्लास्टर निघालं की कापते ही नखं. कामात आड येतात."

मास्तरांनी तेलाची बाटली आणली. तिचा हात मांडीवर घेऊन एकेका नखाच्या मुळाशी थेंब जिरवला.

"कापू नकोस," ते म्हणाले.

"का? पुन्हा रफूला लागतील?"

"नाही. तुझी आहेत म्हणून."

मग ते उठले. भांडी तशीच पडली होती. मास्तरांनी रबरी हातमोजे चढवले आणि नळ सोडला.