उरलेला थेंब

चरोद्याचे रिटायर गार्ड शेषराव पक्के बायकोवेडे. सारी रेल्वे कॉलनी हसायची. काचबिंदूसाठी त्यांना प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब होते. कुपी फोडायची, थेंब घालायचा, उरलेलं फेकायचं. पण चमचाभर वरणही न फेकणाऱ्या त्यांच्या बायको राधाबाई उरलेला थेंब दुसऱ्या दिवशी घालायच्या. जंतू शिरले, नजर गेली. डॉक्टरांनी कारण एकट्या शेषरावांना सांगितलं. हिला कळलं तर स्वतःला जन्मभर खात बसेल, एवढीच त्यांना धास्ती.

"काय म्हणले जी डॉक्टर?"

"थेंब लागू पडले म्हणे! हिरव्या लुगड्यात कशी झकास दिसून राहिली तू!"

राधाबाई पिवळ्या लुगड्यात होत्या.

"म्हातारचळ लागला तुमाले," म्हणत त्या आत गेल्या, आणि हिरवं नेसून आल्या.