कडू काढा

आमच्या आत्याला गल्लीत सगळे कारलं म्हणत, आणि तोंडावर म्हणत. ती चिडायची नाही, कारण ती आधीच चिडलेली असायची. सूतगिरणीच्या फाटकाशी स्टूल टाकून तिनं तीस वर्षं लोकांच्या माना हुंगल्या. पाळीवर जाणारा प्रत्येक जण तिच्यापुढे वाकायचा, ती त्याच्या केसांखाली नाक खुपसायची आणि एक शिवी हासडून आत सोडायची. शिवी मिळाली की समजायचं, मान साफ आहे.

हे सगळं गोडकिडीपायी. तिळाएवढा किडा, मानेच्या खळगीतून शिरतो. तिथल्या कातडीला मग कडवट वास येतो, पण ज्याची मान त्याला ना दुखत ना खुपत. आधी जिभेला आणि नाकाला कडू कळेनासं होतं, मग मनातला कडूपणा जातो. माणूस कुणावर रागावत नाही, कशाला नाही म्हणत नाही. पुढे पुढे उपाशी राहिल्याचंही त्याला वाईट वाटत नाही. हसतमुखानं तो बसल्या जागी वाळतो आणि मानेतून पंख फुटलेले किडे बाहेर पडतात. चाळीस दिवसांच्या आत कळलं तर चिमट्यानं ओढून काढता येतो. नंतर तो मणक्याला धरतो, मग कुणाचा बाप आला तरी निघत नाही.

म्हणून हुंगणाऱ्यांची एक रीत असते. रोज सकाळी सालीचा कडू काढा प्यायचा, आणि तोंड वाकडं झालं तरच कामावर जायचं. आत्याचा काढा मी उकळायची. घरात आम्ही तिघीच: आत्या, घरी शिवणकाम करणारी मी आणि माझी सहा वर्षांची लेक. काढा मी लहानपणी एकदा चाखला होता, तेवढा जन्माला पुरला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आत्या म्हणाली, साल जुनी दिसते, काढ्यात दम नाही. मी जास्त उकळला, तरी तेच. मग तिनं सालवाला बदलला. त्याच सुमारास तिची जीभ नरमली. एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं, तर नुसतं "असू दे गं" म्हणाली. मी शेजारणीला सांगितलं, म्हातारपणी का होईना, आमचं कारलं साखरेत घोळलं गेलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. जिचा राग म्हणजेच तब्येत, तिचा राग गेला आणि मला सुख वाटलं. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

चार महिन्यांनी एका सकाळी आत्या अर्धा काढा तसाच ठेवून कामावर गेली. लेकीनं तो उचलून घटाघटा प्यायला आणि पेला पुढे केला.

"आई, अजून आहे?"

मला आधी हायसंच वाटलं. म्हणजे सालच खराब, नव्या सालवाल्यालाही आता फैलावर घेते. भांडायला जायचं तर आपण चव घेतलेली बरी, म्हणून पेल्याच्या तळाचा थेंब जिभेवर घेतला. मोरीपर्यंतही पोचले नाही, वाटेतच ओकले.

लेकीला ओढून तिच्या मानेला नाक लावलं. कडू. दर आठवड्याला हीच मान आत्या हुंगत होती आणि साफ आहे म्हणत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी पोरीला काखेत मारून फाटकाशी धावले. आत्या एकेकाला "ये बाळा, जा बाळा" करत आत सोडत होती.

"आत्या, साल जुनी नव्हती."

तिचा हात मानेकडे गेला. क्षणभर तिच्या डोळ्यांत माझी जुनी आत्या दिसली, घाबरलेली. मग हात खाली आला.

"असू दे गं," ती म्हणाली. "पुढच्याला येऊ दे."

लेकीनं खोकल्याचं कडू औषध माझ्या अंगावर थुंकलं होतं, त्याला महिना झाला होता. म्हणजे तेव्हा तिला कडू कळत होतं, अजून वेळ होता. पलीकडच्या गिरणीतल्या हुंगणारीनं चिमटा लावला तेव्हा पोरीनं तिचा हात कडकडून चावला, आणि मला म्हणाली, "तू घाणेरडी आई आहेस." मी रडत रडत तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

आत्या आता ओसरीत बसून असते. तिचा किडा मणक्याला लागलाय. मी रोज काढा देते, ती छान झालाय म्हणते.

गिरणीच्या मुकादमाला मी सांगितलं की सगळ्यांच्या माना पुन्हा बघा. तो गोड हसला आणि म्हणाला, बघू सावकाश. तेव्हापासून माझं लक्ष गल्लीकडे आहे. भांडण कानावर येऊन किती दिवस झाले, आठवत नाही. काल नळावर मी मुद्दाम शेजारणीची घागर लाथेनं उडवली. ही बाई एरवी थेंबभर पाण्यासाठी माझ्या सात पिढ्या उद्धारायची. तिनं घागर उचलली, माझी आधी भरली आणि हसून माझ्या कमरेवर ठेवून दिली.