पुढच्या दारानं

घराचं पुढचं दार कसं असावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. ती ऐकायला सहसा कोणी तयार नसतं. अमरावतीत मी वीसेक वर्षं आर्किटेक्टचं काम करते. माणसं येतात ती मोबाइलमध्ये फोटो घेऊन. फोटोतलं घर दुबईचं असतं आणि प्लॉट बडनेरा रोडचा.

"मॅडम, असे चार खांब पाह्यजे."

"कशाला?"

"शोभेले."

शोभेला माझा विरोध नाही. पण खांबांच्या मधून माणूस आत शिरायला हवा, एवढी माझी अपेक्षा असते. एकदा एका सरकारी कार्यालयाचं दर्शनी दार मी केलं होतं. रुंद पायऱ्या, उन्हात थांबणाऱ्यांसाठी छज्जा, बसायला दगडी बाक. काम झाल्यावर तीन महिन्यांनी तिथं गेले तर दाराला साखळी आणि कुलूप. लोक सायकल स्टँडमधून वळसा घालून, पाण्याच्या टाकीच्या बाजूनं अंग चोरत आत जात होते. मी शिपायाला विचारलं, हे दार बंद का? तो म्हणाला, "उघडलं की धूळ येते ना, मॅडम."

"मग केलं कशाला?"

"उद्घाटनाले."

तेव्हापासून मी प्रत्येक कामाआधी एक प्रश्न विचारते: या दारानं खरोखर कोण येणार आहे? अकोल्याच्या घराच्या वेळी मात्र तो विचारायचा राहिला.

घर अकोल्याच्या बाहेर, नव्या वस्तीत होतं. मालक चाळिशीतला, भाजीपाला आणि झेंडू पिकवणारा. वागायला सरळ, पण समोरच्या घरावर नजर पडली की सरळपणा संपायचा. समोर त्याचा चुलत भाऊ राहायचा. त्या घराचं जोतं रस्त्यापासून साडेतीन फूट वर होतं. माझ्या नकाशात आमचं जोतं दोन फूट होतं. मी पंधरा दिवसांनी साइटवर गेले तेव्हा ते चार फूट झालेलं होतं.

"भाऊ, हे काय?"

"रस्ता दर दोन-तीन सालात वर येते, मॅडम. उद्या घर खड्ड्यात जाईन."

कारण खोटं नव्हतं. आमच्याकडं रस्ता नवा करताना जुना उकरत नाहीत, त्याच्यावरच नवा चढवतात. मात्र हे बोलताना तो रस्त्याकडं पाहत नव्हता, समोरच्या ओट्याकडं पाहत होता. मी ते चार फूट तसंच राहू दिलं. घर त्याचं होतं, आणि मला त्या दिवशी मूर्तिजापूरलाही जायचं होतं. नव्या गाडीला जागा ठेवायची म्हणून मिस्त्रीनं पायऱ्या दाटीवाटीनं बसवल्या. सहा पायऱ्या, प्रत्येक आठ इंच उंच. चढताना मलाच दम लागला, पण तेही मी नोंदवलं नाही.

घर पूर्ण झाल्यावर त्याचा फोन आला.

"मॅडम, माय घरात येत नाई म्हनते."

"काहून?"

"पायऱ्या उंच झाल्या म्हनते. तुमी येऊन समजावा तिले. बारा दिवसांनी वास्तुशांती हाय, पाहुन्याइले पत्रिका गेल्या."

त्याची आई सत्तरीच्या पुढची. चाळीस वर्षं तिनं बाजारात उकिडवं बसून भाजी विकली होती आणि गुडघे तिथंच सोडून आली होती. नवरा गेल्यापासून ती शेतातल्या टिनाच्या खोलीत राहायची. घर बांधलं ते मुख्यतः तिला तिथून आणायचं म्हणून. त्यांच्या घरात रीत अशी की नव्या घरात आधी थोरली बाई जाते, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला कलश धरून. तिच्यामागून बाकीचे. कामापुरतं आतबाहेर चालतं, पण तिचं पाऊल पडल्याशिवाय कोणी आत राहायला जात नाही. थोडक्यात, ती चढली नाही तर घर रिकामं राहणार होतं आणि ती शेतात.

मी गेले. म्हातारी नव्या घरासमोर रस्त्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण हात रिकामे ठेवायची सवय नव्हती तिला.

"मावशी, काहून येत नाई म्हनता?"

"येतो ना. पन या शिडीवरून नाई."

मुलगा पुढं झाला. "माय, मांगून ये ना. मांगं उतार केला हाय, एकबी पायरी नाई."

"मांगून म्हशी जाते. मी पुढून जाईन."

"मंग दोघं जन तुले खुर्चीवर उचलून नेतो."

"उचलून मानसाले एकदाच नेते," ती जुडी आवळत म्हणाली. "तवा मी काई बोलनार नाई. तोवर माह्या पायानं."

सून दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसली आणि आत गेली. मुलगा माझ्याकडं असं बघू लागला, जणू त्याच्या आईचे गुडघे माझ्याच नकाशात चुकले होते. आणि थोडेफार चुकलेच होते.

समजावण्यापेक्षा मोजणं मला जमतं. मिस्त्रीकडून मी सेंट्रिंगच्या फळ्या मागवल्या, इंचभर जाडीच्या. त्या जमिनीवर एकीवर एक रचल्या आणि म्हातारीला त्यांवर चढायला सांगितलं. हात रिकामे चालणार नव्हते, कारण त्या दिवशी दोन्ही हात कलशाला असणार, कठड्याचा आधार नाही. मग सुनेनं पाण्यानं भरलेला तांब्या दिला. दोन फळ्यांवर ती सहज गेली. तीनवर गेली. चारवर गेली, "हं" म्हणून. पाचवर तांब्यातलं पाणी माझ्या चपलेवर सांडलं.

"बाई, तुमी माह्या गुडघ्यावर परीक्षा पास व्हाले आल्या काय?"

तोवर समोरचा चुलत भाऊ त्याच्या ओट्यावर येऊन बसला होता. त्याच्याकडचे आणखी दोघे-तिघे आले.

"काकू, अजून एक फयी!" तो ओरडला.

"तू ये न गा इकडं," म्हातारी म्हणाली. "तुह्या साडेतीन फुटावरून उतर आधी. तुह्या बायकोले सातवा महिना लागला, ते पोरगी कशी उतरते ते पाह्यलं काय कधी?"

तो घरात निघून गेला. आमच्या बाजूचा मालक खूश झाला, पण फार वेळ नाही, कारण मी वहीत गणित मांडलं होतं.

चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. चार इंचांची एक पायरी धरली तर बारा पायऱ्या. पाऊल नीट मावायला प्रत्येक सव्वा फूट रुंद. मधे दम खायला एक सपाट जागा, दारासमोर आणखी एक. हे सगळं सरळ समोर मावत नव्हतं. घराच्या भिंतीला लागून, या टोकापासून दारापर्यंत आडवं न्यावं लागणार होतं. म्हणजे पुढची सगळी जागा पायऱ्यांची.

"अन् गाडी?" मालक म्हणाला.

गाडी नवी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. घराच्या आधी तीच आली होती आणि तिच्यासाठी जागा सोडून घर मागं सरकलं होतं.

"गाडी बाहेर राहील," मी म्हटलं.

"बाहेर? बारा लाखाची गाडी रस्त्यावर?"

"तिले खुर्चीवर बसवून वर ने," म्हातारीनं सुचवलं.

यावर सून पहिल्यांदा बोलली. आवाज न चढवता ती म्हणाली, "गाडीले गुडघे नाई. ते कुठीबी राहीन." आणि पुन्हा आत गेली. मालकानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तो मिस्त्रीला म्हणाला, "तोड बाप्पा."

बारा दिवस म्हणजे काहीच नाही, त्यात काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर पायऱ्या नुसत्या ठेवल्या तर वर्षभरात घरापासून सुटून स्वतंत्र संसार करतात. म्हणून तीन फूट माती उकरून काढली, मुरूम भरला, पाणी मारून कुटला, मग बांधकाम. मी एक दिवसाआड अमरावतीहून येत होते. मालकानं आधीच काळा, आरशासारखा ग्रॅनाइट आणून ठेवला होता. मी म्हटलं, तो स्वयंपाकघराच्या ओट्याला वापरा. पायऱ्यांना खरबरीत शहाबादी फरशी. त्याचं तोंड उतरलं.

"मॅडम, लोक काय म्हनतीन? शहाबादी तं गोठ्यात लावते."

"म्हैस कधी घसरून पडली काय तिच्यावर?"

"नाई."

"मग?"

मिस्त्रीची एक खोड मला माहीत होती. खालून बांधत जायचं आणि जी काही कसर उरेल ती शेवटच्या पायरीत कोंबायची. म्हणून मी प्रत्येक पायरी स्वतः टेप लावून तपासली. चार, चार, चार. चौथी सव्वाचार निघाली, ती फोडून पुन्हा करायला लावली. तो मला मनातल्या मनात काय म्हणाला असेल ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. दहाव्या दिवशी माझ्या मते त्या पायऱ्या विदर्भातल्या सगळ्यात बरोबर पायऱ्या होत्या.

वास्तुशांतीच्या सकाळी मी पोचले तेव्हा मांडव घातला होता, दाराला त्यांच्याच शेतातल्या झेंडूचं तोरण होतं, आणि वरच्या सपाट जागेवर गुरुजी आपल्या सागवानी पाटावर बसून दाराची पूजा आटोपत होते. मी समाधानानं दाराकडं पाहिलं, आणि नजर खाली गेली.

उंबरठा.

जाड सागवानी, पितळी पट्टी लावलेला, घराच्या फरशीपासून चांगला तीन इंच वर. दोन दिवसांपूर्वी, मी निघून गेल्यावर, सुतारानं बसवला होता. मी सगळी मोजमापं फरशीपर्यंत केली होती. सपाट जागेवरून घरात चढायची शेवटची पायरी चार इंच आणि वर उंबरठ्याचे तीन. सात इंच. दारांबद्दल लोकांना शहाणपण शिकवणारी मी उंबरठाच विसरले होते.

"भाऊ, हा काढता येईल?"

"मॅडम! पूजा झाली त्याची. खाली तांब्याचं नाणं पुरलं हाय."

खरंच, हळद-कुंकू लागलं होतं, तांदूळ वाहिले होते. त्याला आता करवत लावू म्हटलं असतं तर पाहुण्यांनी मलाच पुरलं असतं.

आणि खाली वाजंत्री सुरू झाली. म्हातारी निघाली होती. नवं हिरवं लुगडं, दोन्ही हातांत कलश, मागं मुलगा, सून आणि शंभरेक माणसं. ती पायऱ्या बघतही नव्हती. पाचव्या पायरीपर्यंत वाजंत्रीच्या पुढं गेली. मधल्या सपाट जागेवर थांबली, समोरच्या ओट्याकडं एकदा मान वळवून पाहिलं, आणि पुन्हा चालू लागली. तिला थांबवायचं म्हणजे शंभर माणसांसमोर थांबवायचं. विटा मांडवामागं होत्या, फळ्या मिस्त्री घेऊन गेला होता. उंचीचं काहीही जवळ नव्हतं.

गुरुजी सोडून.

"गुरुजी, उठा."

"अं?"

"पाट द्या. लवकर."

"अहो बाई, हा माझ्या वडलांचा पाट आहे, यावर पाय…"

"तीन इंच आहे ना? उठा."

मंत्राच्या मधेच गुरुजी उठले. का उठले ते त्यांनाही कळलं नसावं. मी पाट ओढून उंबरठ्याला टेकवला आणि तो डगमगतो का ते पाहायला आधी स्वतः त्यावर उभी राहिले. शंभर माणसांनी पाहिलं की कलशाच्या आधी आर्किटेक्टबाई दारात उभी आहे. मी उतरून बाजूला झाले तोवर म्हातारी पोचलीच.

तिनं पाट पाहिला, उंबरठा पाहिला, मग मला पाहिलं. तिला सगळं कळलं.

"मोजलं व्हतं म्हने," ती हळूच म्हणाली.

"चुकलं, मावशी."

"कितीचं?"

"तीन इंचांचं."

ती पाटावर चढली. तिथून उंबरठा चार इंच. "हं" म्हणाली, पाऊल टाकलं आणि घरात गेली. पाणी सांडलं नाही. मागं मुलाच्या तोंडून एक मोठा श्वास सुटला, मग वाजंत्रीवाल्यांनी जे वाजवायला घेतलं त्यात पुढचं काही ऐकू आलं नाही.

बाकीची पूजा गुरुजींनी घडी केलेल्या सतरंजीवर बसून केली. जेवणं झाल्यावर ते पाट मागायला आले. म्हातारी आत नव्या सोफ्यावर न बसता सोफ्याच्या पायाशी जमिनीवर बसली होती.

"तो कसा देऊ?" ती म्हणाली. "मले बाहेर नाई जायचं काय?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मिस्त्रीला फोन लावला. दुपारी त्यानं दारापुढं शहाबादीचीच तीन इंचांची छोटी पायरी बांधायला घेतली, पण सिमेंट वाळायला दोन दिवस लागणार होते. तोवर सुनेनं पाट त्या ओल्या पायरीच्या शेजारी उंबरठ्याला टेकवून ठेवला. गुरुजी मोटारसायकलवर मोकळ्या हातानं गेले.

दोन दिवसांनी मी पाट त्यांच्याकडं पोचवायला म्हणून घ्यायला गेले. गाडी रस्त्यावर निंबाखाली उभी होती, सीटवरचं प्लास्टिक काढलेलं. सुनेला विचारलं, सासूबाई कशा आहेत? ती म्हणाली, "दिवसभर आतबाहेर करून राह्यल्या. पयल्या दिवशी मी मोजत व्हती, मंग सोडून देल्लं."

म्हातारी मधल्या सपाट जागेवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात मेथीचा ढीग. मी चढू लागले तशी तिनं ढीग थोडा बाजूला सारला.

"या," ती म्हणाली. "पुढूनच या."