चाळीस रकान्यांचा तक्ता

कुरेमात्सुबाईंच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. कंपन्यांत जाऊन कुणाला कसली माहिती लागते ते विचारायचं आणि आमच्या संगणकवाल्यांना लिहून द्यायचं, हे आमचं काम. ‘तुम्हाला काय हवंय?’ असं बाई कधी विचारत नसत. त्या विचारायच्या, “काल काय ठरवलंत? आणि त्याआधी काय पाहिलंत?” भलेभले गडबडायचे.

तोयामा शहरात माशाच्या वड्यांच्या कारखान्यात बैठक झाली. सगळ्यांचं एकच, “आता आहे तस्संच हवं.” आता होता तो मालाच्या हिशेबाचा चाळीस रकान्यांचा तक्ता. तिथल्या कारकून टोकिएबाई रोज पहाटे सहाला येऊन तो हाताने भरत आणि साडेआठला कारखान्याचे प्रमुख इसोगाई साहेब यांच्या टेबलावर ठेवत. टोकिएबाईंची आई वृद्धाश्रमात. ती लेकीला ओळखते ती फक्त सकाळी, न्याहारीच्या वेळी. हे त्यांनी चहा घेताना आम्हाला सांगितलं आणि लगेच माफीही मागितली.

आमच्याकडे जपानात बैठकीत कुणी मनातलं बोलत नाही. म्हणून बाईंनी साहेबांना गोदामात गाठलं आणि तोच प्रश्न टाकला.

साहेब मान खाजवत म्हणाले, “खरं सांगू? दुकानांतून परत आलेला माल किती, तेवढंच बघतो. पण ती बिचारी पहाटे उठून करते. नको कसं म्हणायचं?”

टोकिएबाईंना एकटं गाठलं, तर त्या म्हणाल्या, “मला कुठली हौस? पण साहेब एवढं मन लावून वाचतात, बंद कसं करू?”

अकरा वर्षं हे चाललं होतं. मला भयंकर चीड आली. हे दोघं एकमेकांचं मन राखत बसले, आणि तिकडे म्हातारी एकटी जेवत होती.

बाई चिडल्या नाहीत. टोकिएबाईंना विचारून त्यांनी मागण्यांच्या यादीत पहिली ओळ लिहिली : ‘टोकिएबाई सकाळी साडेसातला आईजवळ असाव्यात.’ दुसरी : ‘साहेबांना परत आलेल्या मालाचा आकडा दिसावा.’ बस्स.

आमचे वरिष्ठ वैतागले. “पहिली ओळ खोडा. ही काय मागणी झाली?”

“गिऱ्हाईकानं खोडली तर खोडू,” बाई म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत यादी इसोगाई साहेबांपुढे आली. त्यांनी ती वाचली आणि शिक्का काढला. मंजुरीचा शिक्का पानाच्या तळाशी, चौकटीत मारायचा असतो. साहेबांनी तो पहिल्या ओळीपुढे मारला.

“हे उद्यापासून,” टोकिएबाईंकडे न बघता ते म्हणाले. “संगणक येईल तेव्हा येईल.”