हात वाळंस्तवर

कोंडिबा माजं दाजी, म्हंजे थोरल्या भैनीचा, फुलाआक्काचा दादला. हिर्डोशीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिच्या घरात फोडनी पडली की मला हिकडं ठसका. दाजी पुन्याला स्पेन देशाच्या पादऱ्यांच्या बंगल्यावर चाकरीला व्हते. काम टेबलावर वाढायचं. दुसरी लढाई लागायच्या आदीची गोष्ट ही.

पैल्याच दिशी पादरी जेवले, तसं दाजींनी बशा उचलल्या. आपल्यात जेवल्यावर उष्ट्या हातानं कोन बसतं? म्हातारा पादरी म्हनला, "ऱ्हाऊ दे, कोंडिबा. सोब्रेमेसा." दाजींना वाटलं, असंल कायतरी गोडधोड, वाढायचं ऱ्हायलं. आत जाऊन सगळं डबं धुंडाळलं! बाकीचं चाकर पोट धरून हसलं.

मग हळूहळू उमजलं. सोब्रेमेसा म्हंजे जेवन झाल्यावर न उठता बोलत बसायचं, त्या बसन्याचं नाव. आज सोब्रेमेसा लांबली, असं म्हनायचं. सोब्रेमेसात भांडान काढायचं न्हाई, असंबी म्हनायचं. टेबलावरच्या कापडालाबी त्या म्हाताऱ्याच्या तोंडी तेच नाव. आता बोला!

नाताळाला पादऱ्यानं दाजींना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आन् इचारलं, "घरी तुजी सोब्रेमेसा कुनासंगं?"

"बायकूसंगं," दाजी म्हनले. साफ खोटं!

"काय बोलती ती?"

दाजी गडबडीनं उठून बशा उचलाय लागले. बायकू कवा जेवती ते ठावं न्हाई, ती बोलती काय ते कुठनं ठावं असनार? मानसाला मेल्याहून मेल्यावानी झालं. शिमग्याला गावी जायचं आन् ते खोटं खरं करून यायचं, असं त्यांनी मनाशी धरलं. हे समदं त्यांनीच मला मागनं सांगितलं.

शिमग्याला आले. जेवले, पन ताटावरनं उठंनात. आक्काला वाटलं, भूक ऱ्हायली. तिनं आनिक भाकर वाढली. नको म्हनलं तर हिला वाईट वाटंल, म्हून दाजींनी ती खाल्ली. परत बसून. मग तिनं भात वाढला. दोन दिस दोन्ही येळंला हेच. "कालवन बरं झालंय," एवढं बोलायचे आन् गप. पुढचं सुचंना, आन् कशाला बसलोय ते सांगायची लाज.

तिसऱ्या दिशी मी चूल पेटवायला इस्तू न्यायला गेले, तर आक्का भाकरीच्या रिकाम्या टोपल्याम्होरं बसून नुसतं पानी पीत व्हती. माजं टाळकंच फिरलं. तडक वसरीवर गेले.

"दाजी, पुन्याला पोटाला घालत न्हाईत व्हय तुमाला? हितं माजी भैन उपाशी मरतीया!"

दाजींचं तोंड उतरलं. "आगं, मला भूक नव्हती. म्या तिच्यासंगं बोलायला बसलो व्हतो."

"बोलायला? बोलायला त्वांड लागतं, भाकर न्हाई!"

त्या सांजंला दाजींनी जेवून हात धुतला आन् चुलीपाशी आक्काजवळ जाऊन बसले. बाप्यासमूर जेवायचं म्हंजे आक्का लाजंनं चूर. तिनं भिताडाकडं त्वांड केलं. मी मुद्दाम दारात हुबी.

"दोन दिस तुजं खाल्लं," दाजी म्हनले. "चुकलं माजं."

आक्कानं घास गिळला. "दोनच दिस व्हय? 'आनिक अर्दी वाढ' म्हनायचा न्हवं तुमी, लगीन झाल्यापासनं? ती माजीच असायची."

रागानं न्हाई म्हनली. पीठ संपलंय म्हनावं, तसं म्हनली. दाजींची मान छातीला टेकली. मला वाटलं, आता हे उठून पारावर जात्यात. इतकी लाज घेऊन कोन बसतं चुलीम्होरं?

तेवढ्यात आक्कानं, सवईच ती मेली, आपली भाकर मोडली आन् अर्दी त्यांच्याम्होरं सरकवली.

दाजींनी ती उचलून तिच्या ताटात ठेवली. डोळं भरलं व्हतं त्यांचं.

"तू खा," ते म्हनले. "मी बसतो. तुजा हात वाळंस्तवर बसतो."