सर्वात भयंकर आई

त्या वर्षी दिवाळी संपून चार दिवस झाले नाहीत तोच हॅलोविन आला. नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या घराच्या दारावर आकाशकंदील लटकत होता आणि त्याच्याखाली पोरांनी कोरलेला भोपळा दात काढून बसला होता. दोघांचं बरं चाललं होतं. तेवढ्यात बुइटनव्हेल्डर्टला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ग्रुपवर लिहिलं, "हॅलोविन नाइट इन! ओन्ली फॉर मॉम्स. नो किड्स, नो हजबंड्स." घर अर्थात माझं ठरलं, कारण तिच्या घरी नवा पांढरा सोफा होता.

ही मैत्रीण प्रोजेक्ट मॅनेजर. दुसऱ्या दिवशी तिची एक्सेल शीट आली. त्यात 'अॅक्टिव्हिटी', 'स्पूकी मेन्यू' आणि 'आउटकम' असे रकाने होते. आउटकमखाली लिहिलं होतं, 'रिलॅक्स होणे'. माझ्या वाट्याला स्पूकी मेन्यू आला. मी चकलीच्या उरलेल्या पिठाची सरळ बोटं वळली, टोकाला नखासारखा बदाम खोचला आणि तळून काढली. रक्त म्हणून सोलकढी केली. माझा नऊ वर्षांचा मुलगा ते बघत उभा होता. मी त्याला मराठीतून विचारलं, "भीती वाटते का रे?" त्याने डचमधून उत्तर दिलं की अजिबात नाही, पण त्या नखांमुळे दात मात्र पडतील. मग त्याला, त्याच्या बहिणीला आणि त्यांच्या बाबाला हार्लेमला पाठवलं. तिथल्या आमच्या मैत्रिणीच्या घरी सगळे नवरे आणि सगळी मुलं पिझ्झा खात बसणार होती.

साडेसहाला पाहुण्या आल्या. बुइटनव्हेल्डर्टवाली चेटकिणीची टोपी घालून आली आणि आल्या आल्या तिने बॅगेतून एक चमकदार पट्टा काढून टेबलावर ठेवला. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'सर्वात भयंकर आई'. वेशभूषेचं बक्षीस. हार्लेमवाली मूळची नागपूरची, इथे विद्यापीठात संशोधन करते. ती साध्या स्वेटरमध्ये आली.

"अगं, कॉस्ट्यूम कुठाय?"

"आम्ही बौद्ध. मी आत्माच मानत नाही, तर भूत कुठून मानू? मी प्रेक्षक."

तिसरी पुण्याहून येऊन जेमतेम दीड महिना झालेली, आमच्यातली सगळ्यात धाकटी. लेकाला आणि नवऱ्याला परस्पर हार्लेमला धाडून ती ट्रेनने आली होती. पांढरं पातळ, मोकळे केस, कपाळावर कुंकवाचा फराटा, डोळ्यांत काजळ ओघळलेलं. पुरती हडळ. आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता.

"काय झालं?"

"ताई, अख्ख्या डब्यात कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिकीट तपासणाऱ्याने तिकीट बघितलं, शुभ संध्याकाळ म्हणाला आणि पुढे गेला. दोन तास लागले हो मला तयार व्हायला!"

या देशात हे असंच असतं, हे तिला समजावता समजावता पहिली पंधरा मिनिटं गेली. मग बुइटनव्हेल्डर्टवालीने नियम सांगितला. मुलांचा विषय काढायचा नाही. जी काढेल तिने एक ड्रॉप खायचा, म्हणजे इथल्या लोकांना प्राणप्रिय असलेली ती काळी, खारट, औषधी वासाची गोळी. तिने वाडगाभर आणल्या होत्या. पहिली गोळी तिनेच खाल्ली, कारण नियम सांगून झाल्यावर ती लगेच म्हणाली, "माझ्या मुलीला तर या खूप आवडतात." दुसरी मी, मुलाच्या दातांबद्दल. तिसरी हडळीने, लेक शाळेत तोंडच उघडत नाही म्हणून. नंतर इथली शाळा मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी काय शिफारस करते यावर चर्चा सुरू झाली आणि आम्ही गोळ्या मोजणं सोडून नुसत्या चघळत बोलू लागलो. अर्ध्या तासात वाडगा रिकामा झाला. सोलकढीला मात्र कोणी हात लावेना.

"रक्त इतकं गुलाबी नसतं," बुइटनव्हेल्डर्टवाली म्हणाली.

"अॅनिमिया असेल," हार्लेमवाली म्हणाली.

विषय हाताबाहेर गेलाय हे पाहून आमच्या मॅनेजरने शीट उघडली आणि पुढची अॅक्टिव्हिटी जाहीर केली. अंधार करायचा आणि खोक्यात हात घालून आत काय आहे ते ओळखायचं. मी घरातले दिवे घालवले. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. "तो आकाशकंदीलपण बंद कर. थीममध्ये बसत नाही." मी तोही घालवला. दिवाळीचा दारचा कंदील असा विझवताना मला जरा कसंसंच झालं, पण शीटपुढे काय बोलणार?

पहिला हात हार्लेमवालीचा. खोक्यात गार शेवया होत्या. "शेवया," ती शांतपणे म्हणाली. आणि पुढच्याच क्षणी तिने अशी किंकाळी फोडली की मागोमाग आम्ही तिघीही किंचाळलो. ती खुर्चीवर चढली. "पाय! माझ्या पायाला काहीतरी लागलं!" आमचा झाडू मारणारा रोबो रोज साडेसात वाजता आपणहून सुरू होतो, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मी अंधारात त्याला शोधत रांगत होते, तेवढ्यात बेल वाजली.

दार हडळीने उघडलं. दारात एक उंच, वाळकी बाई उभी होती. पांढरे केस पिंजारलेले, अंगात करड्या रंगाचा ढगळ गाऊन, हातातल्या टॉर्चचा उजेड खालून तोंडावर पडलेला.

"ओ माय गॉड!" बुइटनव्हेल्डर्टवाली टाळ्या पिटत पुढे धावली. "मला सांगितलंच नाहीस, अजून कोणी येणार आहे म्हणून! हीच बेस्ट!" आणि मी रांगत होते ती उठेपर्यंत तिने तो पट्टा त्या बाईंच्या गळ्यात घातलासुद्धा. मग केसांना हात लावून इंग्रजीत विचारलं, "विग कुठून घेतला?"

"माझाच आहे," बाई म्हणाल्या. "एकोणऐंशी वर्षं वापरतेय."

त्या आमच्या शेजारीणबाई होत्या. आमची भिंत सामाईक. अख्खं घर अंधारात आणि आतून किंकाळ्या, म्हणून बिचाऱ्या होत्या तशा टॉर्च घेऊन धावत आल्या होत्या. मी दिवे लावले. लाजेने मला तोंड वर करवेना. बुइटनव्हेल्डर्टवाली टोपी काढून हातात धरून उभी होती. बाईंनी पट्ट्यावरची अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "माझ्या मुलींना हे पटेल." मी त्यांना आत बसायला सांगितलं. त्यांनी बदामाच्या नखाची बोटं खाल्ली, सोलकढीचे दोन ग्लास प्यायले आणि विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, आयांची मुलांपासून सुटका.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटायची. तीन मुली. मी मागच्या शेडमध्ये जाऊन कडी लावायचे आणि सायकल दुरुस्त करतेय म्हणून सांगायचे. कॉफी प्यायचे. बारा वर्षं मी एकच सायकल दुरुस्त केली."

कोणीच हसलं नाही. मग हार्लेमवाली हळूच म्हणाली, "माझा प्रयोग सातला संपतो असं घरी माहीत आहे. तो साडेपाचला संपतो." हडळ म्हणाली, की ती दुकानातून चालत येताना मुद्दाम पुलावरून वळसा घेते. मी सांगितलं, की मी हेडफोन लावते, मीटिंग आहे म्हणते आणि माईक बंद करून चिवडा खाते. बुइटनव्हेल्डर्टवाली सगळ्यात शेवटी बोलली. ती महिन्यातून एकदा ऑफिसला सुट्टी टाकते, मुलांना शाळेत सोडते आणि घरी येऊन पांढऱ्या सोफ्यावर बूट घालून झोपते. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आता मात्र आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. तीही.

साडेआठला नवरे आणि मुलं परतली. माझी मुलगी दारातच थबकली. पट्टा घालून बसलेल्या शेजारीणबाईंकडे बघत तिने डचमधून विचारलं, "तुम्ही इथे काय करताय?"

"मीटिंग होती," बाई गंभीरपणे म्हणाल्या आणि पट्ट्यासकट आपल्या घरी गेल्या.

हडळीला हार्लेमवालीने गाडीतून सोडलं. सकाळी ग्रुपवर शीट पुन्हा आली. 'आउटकम'च्या रकान्यात 'रिलॅक्स होणे'वर बुइटनव्हेल्डर्टवालीने हिरवा रंग भरला होता.