काळजीवाहू

फोन वाजला की सर उभे राहत. समोर डबा उघडा असो, मीटिंग चालू असो, पलीकडून कुरिअरवाला पत्ता विचारत असो, खुर्ची मागे सारून उभं राहिल्याशिवाय ते 'हॅलो' म्हणत नसत. मी नवीन होते तेव्हा एकदा कारण विचारलं. म्हणाले, "वाईट बातमी बसून ऐकली की उठवत नाही गं."

काशीमीऱ्याला हायवेलगत, टायरच्या दुकानांच्या वर आमचं छोटं ऑफिस होतं. ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि सर दचकून आपल्या स्क्रीनकडे बघायचे, जणू तिथलंच काही पडलंय. त्यांचं काम बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड. जगभरातले लोक मिळून एक सॉफ्टवेअर लिहितात, ते सगळ्यांसाठी खुलं असतं, आणि त्यावर कॉलेजं, दवाखाने, सहकारी संस्था आपापला क्लाउड चालवतात. त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, पण सगळ्यांना नवं नको असतं. ज्यांचं जुन्यावर नीट चाललंय ते जुन्यावरच राहतात. अशा जुन्या, स्थिर आवृत्तीत नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. कुठली दुरुस्ती आत घ्यायची आणि कुठली दारातच थांबवायची, हे ठरवणाऱ्या मोजक्या लोकांत आमचे सर होते.

ऑफिसात कोणीतरी त्यांना 'काळजीवाहू' नाव ठेवलं होतं. काळजीवाहू सरकार असतं तसं: नवा निर्णय घ्यायचा नाही, आहे ते सांभाळायचं. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. "वाहतो खरा," म्हणाले, "उतरवून ठेवायला जागा दाखवा."

कोणी दुरुस्ती घेऊन आलं की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला. "हे ज्याला हवंय त्याचं कळलं. ज्याला नकोय, त्याचं काय होईल?" मी एकदा दुरुस्तीबरोबर स्क्रीनवरचा एक मजकूर थोडा सुटसुटीत करून दिला होता. त्यांनी तेवढ्या ओळी काढून बाकीचं परत दिलं. "बाकीची दुरुस्ती आहे. ही हौस आहे," म्हणाले.

दुरुस्ती मंजूर झाली तरी ती लगेच सगळ्यांना जात नसे. आधी चाचणीसाठी बाहेर ठेवायची, आणि ज्यांना जमेल त्यांनी वापरून सांगायचं. सगळ्यात वाईट दिवस सरांचे ते. कोणाचीच तक्रार आली नाही तर आम्ही खूश व्हायचो, ते आणखी अस्वस्थ. "तक्रार नाही म्हणजे ठीक आहे, की कोणी लावूनच बघितलं नाही?" असं म्हणत ते खिडकी ते दार फेऱ्या घालायचे आणि चहा गार व्हायचा.

मग ती चूक सापडली. चालू असलेली सिस्टीम एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर हलवली, तर क्वचित तिच्यातला डेटा खराब व्हायचा. क्वचितच, पण झाला की गेला. नव्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली होती. जुन्या आवृत्तीला बसेल अशी तीच दुरुस्ती सरांनी तयार केली, आणि सगळीकडून मागणी सुरू झाली. आमचे मालक हितेशभाई दर थोड्या वेळाने येऊन उभे राहायचे.

"सर, टेस्ट तो पास हो गया ना? मग सगळ्यांसाठी सोडा ना. क्लायंट डोकं खातायत."

"एक बाकी आहे, हितेशभाई. फार आधीपासून वापरणाऱ्यांची सेटिंग जुन्या पद्धतीची असते. त्यांच्याकडे काय होतं ते बघतोय."

"ऐसे कितने लोग होंगे?"

"तेच माहीत नाही ना," सर म्हणाले.

त्यांनी दुरुस्ती रोखून धरली. पण रोखून ते स्वस्थ बसले नाहीत. सगळ्यांसाठी सूचना टाकली, आणि ज्यांचे नंबर होते त्या प्रत्येकाला स्वतः फोन लावला. दुरुस्ती येईपर्यंत काहीही हलवू नका, जिथे आहे तिथे राहू दे. दिवसभर त्यांचं तेच चाललं होतं. शेवटचा फोन ठेवून मला म्हणाले, "यांना सांगून झालं. पण हे खुलं आहे गं. कोणीही उतरवून घेतं. ज्यांचं नावही आपल्याला माहीत नाही, त्यांना कुठून सांगू?"

आणि ज्यांचं नाव माहीत नव्हतं, त्यांच्याचकडे ते घडलं. पालघरच्या पुढे एका गावात रक्त तपासणाऱ्या लॅबचा सगळा कारभार याच सॉफ्टवेअरवर होता. तिथल्या मुलाने सूचना पाहिलीच नव्हती; मशीन तापतंय म्हणून त्याने सिस्टीम दुसरीकडे हलवली आणि ताजे रिपोर्ट गेले. त्याने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'दुरुस्ती तुमच्याकडे तयार होती. तुम्ही दाबून ठेवलीत.'

सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. मग मला म्हणाले, "चल, जाऊन बघू काय वाचवता येतंय."

लॅब आमची क्लायंट नव्हती. तरी हितेशभाईंनी गाडी दिली. वरसाव्याच्या पुलाआधी नेहमीसारखं ट्रॅफिक अडकलं होतं. दोन्ही बाजूंना कंटेनर, गाडी जागची हलेना. सर पुढच्या सीटवर मुठी आवळून बसले होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसमधून निरोप होता: ती राहिलेली चाचणी संपली होती. जुन्या सेटिंगच्या मशिनवर आमची दुरुस्ती टाकली की ते मशीन पुन्हा सुरूच होत नव्हतं.

"सर, तुम्ही बरोबर होता," मी म्हणाले. "सोडली असती तर कितीतरी ठिकाणी सगळं बंद पडलं असतं. लॅबवाल्यांना हे सांगायला हवं."

त्यांचा चेहरा जराही सैल झाला नाही. "सांगून त्यांचे रिपोर्ट परत येतात का?"

लॅबमध्ये चूक कोणाची यावर त्यांनी त्या मुलाला एक शब्दही बोलू दिला नाही. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि दोघांनी मिळून निघेल तितका डेटा बाहेर काढला. थोडा निघाला. राहिलेल्यांना पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं. बाकावर एक म्हातारी बसली होती, दंडावरचा कापूस दाबून. सर समोर आले तशी तिने विचारलं, "पुन्हा सुई कशाला टोचली रं? पयलं रगात खराब व्हतं का माजं?"

"नाही आजी," सर म्हणाले. "तुमचं चांगलंच होतं. आमच्याकडून सांडलं."

 दुसऱ्या दिवशी सरांनी दुरुस्तीची दुरुस्ती करायला घेतली, जुन्या सेटिंगवर तपासली आणि मग सोडली. कुठेही काही बंद पडलं नाही. पण सर तेव्हापासून खचलेच. रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी दम भरला, आणि सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, त्यांना भाईंदर पश्चिमेच्या घरी बसवूनच टाकलं. जाताना त्यांनी काम माझ्या हाती दिलं. भाषण, निरोप काही नाही. "कोणी घाई केली तर त्याच्यावर चिडू नकोस. त्याचंही काहीतरी अडलेलं असतं," एवढंच म्हणाले.

माझी पहिली मोठी दुरुस्ती सोडायची होती तेव्हा मी त्यांना सकाळीच फोन केला. काय तपासलं, कोणी वापरून पाहिलं, सगळं सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही.

"सोडू का सर?"

"तुला काय वाटतं?"

"सोडावी. पण भीती वाटतेय."

 मग ते म्हणाले, "मग सोड. भीती वाटत नाही म्हणाली असतीस तर मी थांब म्हणालो असतो."

मी सोडली. संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अगं, तू काय सांगितलंस यांना? दुपारी जेवून जे झोपलेत ते अजून घोरतायत, उठले नाहीत. इतकी वर्षं असे झोपलेले पाहिले नव्हते, मीच घाबरले."

"झोपू द्या काकू," मी म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. अजून कुठूनही तक्रार आलेली नव्हती. सगळं ठीक होतं, की अजून कोणी लावूनच बघितलं नव्हतं, ते मला कळत नव्हतं.